लेकीचा पुढचा पक्का दात तुटला, काय करावं?

कृष्णकमळ | ८ जुलै, संध्याकाळी ७:४०

आज दुपारी शाळेतून फोन आला. लेक तिसरीत आहे, वय आठ वर्षं दोन महिने. मधल्या सुट्टीत नळाजवळच्या ओल्या फरशीवर घसरली आणि तोंड थेट कट्ट्याच्या कडेवर आपटलं. वरचा, पुढचा, डावीकडचा दात तिरका तुटलाय, जवळजवळ अर्धा. दुधाचा नाही हो, पक्का दात. गेल्या दिवाळीत आलेला. आल्या आल्या सगळ्या पाहुण्यांना ओठ वर करून दाखवत फिरायची.

बाईंनी तुकडा शोधून कागदाच्या पुडीत बांधून दप्तरात ठेवला होता, तो आहे माझ्याकडे. ओठ आतून फाटलाय, सुजलाय. गार पाणी लागलं की किंचाळते.

घराजवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. त्यांनी एक्स-रे न काढताच सांगितलं, "उद्या या, रूट कॅनाल करून कॅप बसवू." आठ वर्षांच्या मुलीला रूट कॅनाल? मला काही सुचत नाहीये. तुकडा परत चिकटवता येतो असं कुठेतरी ऐकलं होतं, ते खरं का? आणि आजची रात्र काय काळजी घेऊ? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

रानजाई | ७:४६

आधी तो तुकडा पुडीतून काढा आणि वाटीभर पाण्यात टाका. आत्ता. बाकीचं मग वाचा.

घाटवाट | ७:५१

तुकड्याचं बरोबर आहे, पण त्याआधी एक. पडल्यावर शुद्ध गेली होती का? उलटी, गुंगी, डोकं दुखतंय, काही विसरल्यासारखं बोलतेय? यातलं काहीही असेल तर दात राहू द्या, तडक हॉस्पिटल गाठा. आणि खरचटलेल्या जागी माती गेली असेल तर धनुर्वाताची लस कधी झाली तेही बघा.

कृष्णकमळ | ७:५८

शुद्धीवर होती, उलटी नाही. पाचव्या वर्षीचा डोस झालाय. तुकडा पाण्यात टाकला. अगदी खडूसारखा पांढरा पडला होता.

पाटीपेन्सिल | ८:२५

ताई, मी लहान मुलांच्या दातांचीच डॉक्टर आहे. तोंड न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या मनातला गोंधळ थोडा कमी करता येईल असं वाटतं.

टॉर्च घ्या आणि तुटलेल्या जागेकडे नीट बघा. बाहेरचं चकचकीत पांढरं कवच, त्याच्या आत पिवळसर थर. तो पिवळसर थर उघडा पडला की गार-गरम झोंबतं, तुमच्या लेकीला तेच होतंय. मधोमध लाल ठिपका दिसला किंवा तिथून रक्त येत असेल, तर नस उघडी पडली आहे. हिरडीतून येणारं रक्त वेगळं, त्याच्याशी गल्लत करू नका.

आता रूट कॅनालचं. पक्का दात हिरडीबाहेर आला म्हणजे तयार झाला असं नसतं. मूळ पूर्ण व्हायला त्यानंतर सुमारे तीन वर्षं लागतात. तुमच्या लेकीच्या दाताचं मूळ आत्ता टोकाशी नरसाळ्यासारखं उघडं असणार आणि त्याच्या भिंती पातळ असणार. ते मूळ लांब करायचं, भिंती जाड करायच्या, हे काम आतली जिवंत नस करते. नस काढून टाकली की मूळ तिथेच थांबतं, आणि असा पातळ भिंतींचा दात पुढे कधीतरी हिरडीजवळ मोडतो. म्हणून या वयात आमचा सगळा जीव ती नस वाचवण्यात असतो.

नस उघडी पडली असली तरीही घाईने पूर्ण रूट कॅनाल करत नाहीत. वरची दोन-एक मिलिमीटर नस काढायची, खालची निरोगी आहे याची खात्री करायची, त्यावर एमटीए किंवा बायोडेंटिनसारखं औषध ठेवून दात बंद करायचा. स्वीडनमधल्या त्स्वेक यांनी ही पद्धत १९७८ मध्ये मांडली आणि तिचे निकाल फार चांगले आहेत. लहान मुलांच्या नसेला रक्तपुरवठा भरपूर असतो, ती सावरते.

उद्या बालदंतवैद्याकडे जा. एक्स-रे काढल्याशिवाय कुणालाही दाताला हात लावू देऊ नका. आजच्या रात्री मऊ आणि कोमट खाणं. वरणभात, खिमट, रव्याची खीर. पुढच्या दातांनी काहीही चावायचं नाही. ओठावर फडक्यात गुंडाळून बर्फ, दहा मिनिटं. दुखलं तर पॅरासिटामॉल वजनाच्या हिशोबाने. मऊ ब्रशने दात घासायचे, दुखतंय म्हणून सोडायचं नाही. आणि तुकडा कसा जुळतो ते बघा. पूर्ण जुळत नसेल तर कपची ओठात रुतलेली असू शकते. त्यासाठी ओठाचाही एक्स-रे काढतात.

कृष्णकमळ | ८:४०

डॉक्टर, तुमचे कसे आभार मानू. टॉर्चने बघितलं. लाल ठिपका नाही, पण मध्ये एके ठिकाणी गुलाबीसर झाक आहे.

पाटीपेन्सिल | ८:४३

म्हणजे नसेवर अगदी पातळ थर उरलाय. उद्या सकाळीच जा, दिवस घालवू नका.

दगडी_पूल | ९:०५

डॉक्टरांचा आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. मी नऊ वर्षांचा असताना, १९९१ मध्ये, कराडला सायकलवरून पडलो आणि असाच दात तुटला. "दुखत नाही ना, मग राहू दे" असं घरी ठरलं. दात काळा पडत गेला. चौदाव्या वर्षी वरच्या हिरडीवर पुवाची फोडी आली, गाल सुजला, ऐन सहामाहीत रूट कॅनाल करावं लागलं. दहावीच्या ग्रुप फोटोत सगळे हसताहेत आणि मी तोंड मिटून उभा आहे. तो फोटो अजून बघवत नाही. म्हणून वाटतं, एकदाच काय ते रूट कॅनाल आणि कॅप करून मोकळं व्हावं. पोरीच्या मागे पाच वर्षं कशाला लावून घ्यायचं?

पाटीपेन्सिल | ९:३०

दगडी_पूल, तुमचं जे झालं ते वाईटच झालं. पण तुमचा दात बिघडला तो रूट कॅनाल न केल्याने नाही. पिवळा थर पाच वर्षं उघडा राहिला, त्यातून जंतू नसेपर्यंत गेले आणि मधल्या काळात कुणी एक एक्स-रे काढला नाही. तो थर त्याच आठवड्यात झाकला असता आणि वर्षातून एक-दोनदा तपासणी झाली असती तर बहुधा नस वाचली असती. निदान बिघडतेय हे गाल सुजायच्या आधी कळलं असतं.

कॅपचं म्हणाल तर त्यासाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो आणि या वयात आतली नस ऐसपैस पसरलेली असते, तासताना तिला धक्का बसतो. शिवाय हिरडी वयाबरोबर वर सरकते, आज बसवलेल्या कॅपची कड चार वर्षांनी उघडी दिसते. त्यामुळे तुकडा चिकटवणं किंवा दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटने दात बांधून काढणं हीच या वयातली खरी ट्रीटमेंट आहे. मोठेपणी, वाढ थांबल्यावर, कॅपचा विचार.

दगडी_पूल | ९:४२

हे मला कुणी कधी समजावून सांगितलंच नव्हतं. पटलं. माझं वरचं मत मागे घेतो.

अंगणातली_तुळस | ९:५०

बाळ, आमच्या वेळी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायचे. झोंबणं लगेच थांबतं. रात्रीपुरतं ठेवून बघ. आणि पोरीवर रागावू नकोस, घाबरली असेल.

पाटीपेन्सिल | ९:५८

आजी, रागावू नको म्हणालात ते लाखमोलाचं. लवंगेचं तेल मात्र आज नको. फाटलेल्या ओठाला आणि हिरडीला ते भाजतं. दुसरं म्हणजे त्यातलं युजेनॉल दातावर राहिलं की कॉम्पोझिट नीट घट्ट होत नाही, मग उद्या चिकटवायचं कामच बिघडतं.

अंगणातली_तुळस | १०:०२

हे नवीन कळलं. नको मग.

तिसरा_मजला | १०:२०

धाग्याला जोडून आमचा अनुभव, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. डोंबिवली. मुलगा अकरा वर्षांचा असताना बिल्डिंगखाली क्रिकेट खेळताना सीझनचा चेंडू तोंडावर बसला आणि पुढचा दात मुळासकट बाहेर पडला. मी ऑफिसात. बायको खाली धावली तोवर तळमजल्यावरच्या काकूंनी दात उचलून दुधाच्या ग्लासात टाकला होता. त्यांना हे कुणी शिकवलं होतं देव जाणे. रिक्षाने पंचवीस मिनिटांत डेंटिस्टकडे. त्यांनी दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला, दोन आठवड्यांनी तार काढली. त्याच्या मुळाची वाढ झालेली होती म्हणून त्याचं रूट कॅनाल मात्र लगेच करावं लागलं. आज पोरगा पंधराचा आहे, दात जागेवर आहे. त्या काकूंच्या घरी आमच्याकडून दर दिवाळीला पहिला फराळ जातो.

कडीपत्ता | १०:२८

अंगावर काटा आला वाचून. पण एक गोंधळ. वर तुकडा पाण्यात ठेवा म्हणालात, इथे दूध. पाण्यात ठेवलेलं चालतं की नाही?

पाटीपेन्सिल | १०:४५

फार महत्त्वाचा प्रश्न. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नुसता वरचा तुकडा असेल तर त्यात जिवंत पेशी नसतात. तो फक्त वाळू द्यायचा नाही. पाणी चालेल, दूध चालेल, सलाइन चालेल.

आख्खा दात मुळासकट बाहेर आला असेल तर मुळावर जिवंत पेशींचं पातळ आवरण असतं, दात हाडाला धरून ठेवतं ते हेच. साध्या पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. कोरड्या हवेत तासाभरात बहुतेक मरतात. म्हणून दूध. त्याहूनही चांगलं म्हणजे तिथल्या तिथे दात परत खोबणीत बसवणं. पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही. माती असेल तर दुधाने नाहीतर सलाइनने हलकेच विसळायचं, घासायचं नाही, साबण तर अजिबात नाही. दिशा बघून खोबणीत हळूच दाबायचा, स्वच्छ रुमाल चावायला द्यायचा आणि निघायचं. जमत नसेल तर दुधात टाकून पळायचं. दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते.

खडूफळा | ११:१०

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरा_मजला आणि डॉक्टरांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत, उद्या मोठ्या अक्षरात लिहून प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवते. आमच्याकडे पेटीत आयोडीन आहे, बँडेज आहे, दाताबद्दल एक ओळ नाही. कृष्णकमळ, तुमच्या लेकीच्या बाईंनी पुडी बांधली ती मायेनेच हो. मीही तेच केलं असतं.

कृष्णकमळ | ११:१८

खरंय. दुपारी मनात खूप राग होता त्यांच्यावर. पण पाऊस चालू असताना एवढ्या पोरांच्या गर्दीत वाकून त्यांनी तुकडा शोधला, हे मी विसरले होते.

दक्षिणवारा | ९ जुलै, पहाटे ५:३०

मेलबर्नहून. इथे मुलाच्या हॉकी क्लबात माउथगार्ड घातल्याशिवाय मैदानात पाय ठेवू देत नाहीत. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचे तयार मिळतात, डेंटिस्ट माप घेऊन करून देतात ते जास्त चांगले बसतात. आपल्याकडे क्रिकेटला, कबड्डीला, स्केटिंगला मुलं तशीच उतरतात. ज्यांचे वरचे दात पुढे आलेले आहेत त्यांना तर धोका जास्तच.

रानजाई | ९:१५

पण कृष्णकमळची लेक नळावर घसरली. पाणी प्यायला कुणी माउथगार्ड घालून जाणार नाही. तिथे रबरी मॅट आणि पाणी वाहून जायला नीट उतार हवा. पालकसभेत हे मांडाच.

दक्षिणवारा | ९:४०

मान्य. दोन्ही हवं.

कृष्णकमळ | ९ जुलै, रात्री ९:२०

सगळ्यांना उत्सुकता असेल म्हणून आधी बातमी. तुकडा बसला!

आता सविस्तर. सकाळी दहाला बालदंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी आधी लेकीशी गप्पा मारल्या. आरसा हातात दिला, हवेचा फवारा तिच्या तळहातावर उडवून दाखवला. मग दाताचे वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे आणि ओठाचा एक. ओठात काही नाही. मुळाला तडा नाही. स्क्रीनवर मुळाचं उघडं टोक त्यांनी मला दाखवलं आणि पाटीपेन्सिल डॉक्टरांचं नरसाळं मला तिथे अगदी स्पष्ट दिसलं. नस उघडी नव्हती.

गुलाबी झाक होती तिथे औषधाचा पातळ थर दिला. तुकडा रात्रभर पाण्यात होता हे ऐकून त्या म्हणाल्या, "शाब्बास, निम्मं काम तुम्हीच केलंत." मी म्हटलं ते रानजाईंचं काम. तुकडा दाताला लावून बघितला तेव्हा रेघ न् रेघ जुळली. मग निळं जेल, धुणं, वाळवणं, चिकटवायचं द्रव, आणि त्या निळ्या दिव्याचा बीप आवाज. लेक डोळ्यांवर केशरी चष्मा लावून मनात आकडे मोजत होती. फक्त एकदा भूल दिली, तेवढ्यापुरती माझं बोट घट्ट धरलं.

तुकडा अजून बाकीच्या दातापेक्षा पांढरा दिसतोय. तो वाळला होता म्हणून, हळूहळू रंग जुळेल असं सांगितलंय. दहा दिवस मऊ खाणं. पेरू, ऊस, मक्याचं कणीस, चिक्की पुढच्या दातांनी कायमचंच बंद. तुकडे करून मागच्या दातांनी खायचं. सहा ते आठ आठवड्यांनी परत एक्स-रे.

आणि हेही सांगितलंय की नस नंतर कधीतरी दगा देऊ शकते. दात करडा पडला, हिरडीवर फोडी आली, आपोआप दुखायला लागला तर लगेच यायचं.

कडीपत्ता | ९:३५

किती छान! खर्च विचारला तर चालेल का? आमच्या कामवाल्या ताईंच्या मुलाचाही दात असाच तुटलाय, त्या खर्चाला घाबरून गेल्याच नाहीत.

कृष्णकमळ | ९:४१

एक्स-रे धरून २,६०० झाले, नाशिकला. गावागावांत फरक असणार.

घाटवाट | ९:५५

कडीपत्ता, त्यांना सरकारी दंत महाविद्यालयात पाठवा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालयं आहेत. लहान मुलांचा विभाग वेगळा असतो, खर्च फार कमी. रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं. शक्य असेल तर सोबत तुम्ही जा. केसपेपर काढण्यापासून कुणी बरोबर असलं की माणूस मध्येच परत फिरत नाही.

कडीपत्ता | १०:०१

शनिवारी मी स्वतः घेऊन जाते.

कृष्णकमळ | १५ जुलै, दुपारी २:१०

दात ठीक आहे, पण लेक शाळेत जायला तयार नाही. वर्गात कुणीतरी "फुटकी बशी" म्हणालं. दात आता फुटका नाहीच, तरी ती बोलताना तोंडावर हात ठेवते. काल आजीशी व्हिडिओ कॉलवर बोललीच नाही.

दगडी_पूल | २:३०

हे वाचून पोटात तुटलं. मी तो हात तीस वर्षं तोंडावर ठेवला. दाताची ट्रीटमेंट आपण करतो, या हाताचं काय ते कुणी बघत नाही. बाईंशी आजच बोला.

खडूफळा | ४:४५

माझ्या वर्गातला उपाय सांगते. दुसरी-तिसरीत प्रत्येकाच्या तोंडात काही ना काही चाललेलं असतं. कुणाचा दात हलतोय, कुणाचा पडलाय, कुणाचा नवा दात करवतीसारखा कंगोरे घेऊन आलाय, कुणाच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. मी एक मोठा तक्ता लावला आणि ज्याने त्याने आपल्या तोंडातले दात मोजून त्यावर काढायचे. दोन दिवस वर्गात दुसरा विषय नव्हता. चिडवणं आपोआप थांबलं, कारण प्रत्येकाला आपला तक्ता दाखवायचा होता. तुमच्या बाईंना सुचवून बघा. आणि लेकीला सांगा, तुटलेला दात परत जोडून घेतलेली तीच एकटी असेल वर्गात.

पाटीपेन्सिल | ६:००

त्या फटीवरून आठवलं, पालक त्यालाही फार घाबरतात. आठ ते दहा वयात पुढच्या दातांत फट असणं बहुतेक मुलांत नैसर्गिक आहे. बाराव्या वर्षाच्या आसपास वरचे सुळे आले की ती बरीचशी मिटते.

कृष्णकमळ | ३० ऑगस्ट, सकाळी १०:५०

बरेच दिवसांनी येतेय. सहा आठवडे होऊन गेले, काल दाखवून आणलं.

दाताला थंड लावून बघितलं. आधी शेजारच्या चांगल्या दाताला, मग या दाताला. "गार लागलं की हात वर कर" असं सांगितलं होतं. या दाताला बोळा टेकवला आणि दोन सेकंद काहीच नाही. माझा श्वास अडकला. मग हात वर गेला! एक्स-रे स्वच्छ आहे, मुळाच्या टोकाशी काही डाग नाही. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता सगळं छान आहे, पण अपघाताचा दात आहे, त्याला डोळ्याआड करायचं नाही. पुढची तारीख नोव्हेंबरात, मग वर्ष पूर्ण झाल्यावर. दोन्ही दातांची मुळं सारखीच वाढताहेत ना, ते एक्स-रे शेजारी ठेवून बघणार आहेत.

तुकड्याचा रंग जुळला. जोडाची रेघ मला माहीत आहे म्हणून दिसते.

शाळेने नळाजवळ रबरी मॅट टाकली. बाईंनी तक्ताही केला. खडूफळा, तुमचा तक्ता आमच्या वर्गात लागलाय हो. लेकीने आपल्या दाताला त्यावर लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, "जोडलेला".

गणपतीत उकडीचे मोदक पोटभर खाल्ले. तळणीचा मोदक हातात घेऊन माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच तोडून मागच्या दाढेत ठेवला.

तिसरा_मजला | ११:०५

वा! आजचा दिवस छान गेला.

कडीपत्ता | ११:३०

कामवाल्या ताईंच्या मुलाचंही कळवते. त्याची नस उघडी पडलेली होती, दोन आठवडे तसाच राहिल्यामुळे वरवरचा उपाय पुरला नाही, नस खोलवर काढावी लागली. पण मुळाकडची शिल्लक आहे, दात वाचलाय. दर खेपेला मी किंवा माझा मुलगा बरोबर जातो.

नवा_पाहुणा | ३० ऑगस्ट, रात्री ९:४८

आजच सदस्य झालो, हा धागा शोधत आलो. मुलगा नऊ वर्षांचा, संध्याकाळी सायकलवरून पडला, पुढचा दात तुटला. रस्त्यावर खूप शोधलं, तुकडा सापडला नाही. ओठ सुजलाय. आता चिकटवायला काहीच नाही तर काय करायचं?

पाटीपेन्सिल | ९:५५

तुकडा नसला तरी काही अडत नाही, कॉम्पोझिटने हुबेहूब दात बांधता येतो. पण तो गेला कुठे हे बघायला हवं. ओठ आतून दोन बोटांत धरून चाचपा, काही टोचतंय का. डॉक्टरांना "तुकडा सापडला नाही" हे आपणहून सांगा, ओठाचा एक्स-रे काढतील. पडल्यापासून सारखा खोकला किंवा श्वासाला घरघर आहे का? असेल तर उद्याची वाट न बघता आत्ताच हॉस्पिटल, छातीचा एक्स-रे लागेल.

नवा_पाहुणा | १०:०४

खोकला नाही. ओठात डावीकडे काहीतरी कडक लागतंय.

पाटीपेन्सिल | १०:०६

तोच असेल. दाबू नका, काढायला जाऊ नका. सकाळी पहिल्या तासाला जा.

कृष्णकमळ | १०:१०

दादा, टॉर्चने लाल ठिपका आहे का तेही बघून ठेवा, उद्या सांगता येईल. आणि खिमट करताना मीठ कमी घाला, ओठाला झोंबतं. ही रात्र फार लांब वाटते, मला माहीत आहे. मी बारापर्यंत जागी आहे, काही लागलं तर इथेच लिहा.